शोकेसमधले गाल

४ मार्च

प्रिय वहिनी,

फोन का उचलत नाही म्हणून दादाने तीनदा निरोप ठेवलाय. त्याला सांग, मी जिवंत आहे. अक्कलदाढ काढली. पंचावन्नाव्या वर्षी अक्कलदाढ म्हटल्यावर तू फिदीफिदी हसशील, हस बापडी. डॉक्टरांनी मला पंधरा दिवस बोलायला, चावायला आणि हसायला बंदी घातली आहे. व्हिडिओ कॉल तर मुळीच करू नका, मी उचलणार नाही. तोंड भोपळ्यासारखं झालंय.

लिहायला मात्र बंदी नाही, आणि रजेत मला दुसरा उद्योग काय? पाच आठवड्यांची रजा टाकली आहे. माझा पहिलीचा वर्ग सध्या त्या नव्या पोरसवदा बाईंकडे दिलाय. तिचे ओठ म्हणजे पेन्सिलीने ओढलेल्या दोन रेघा. ज्या पोरांना कानाने काही मिळत नाही, त्यांना बाईचं तोंड हीच पाटी. ते तोंड वाचून ती बोलायला शिकतात. आता त्या दोन रेघांतून बिचारी काय वाचणार, देव जाणे. एकतीस वर्षं मी हा वर्ग सांभाळलाय, पण मोठ्या बाईंना वाटतं की खडू कुणाच्याही हातात दिला तरी चालतो.

एक कबुली देते. जानेवारीत तुमच्याकडे आले होते, तेव्हा निघताना तुमच्या फोटो स्टुडिओच्या शोकेसमधला माझा फोटो काढून पर्समध्ये टाकला. माझाच फोटो, माझीच पर्स, याला चोरी म्हणत नाहीत. एका कामाला हवा होता. कसलं काम ते विचारू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? दादाला म्हणावं, पेपर खाली ठेव आणि तिला जिने चढायला लावू नकोस.

तुझी एकुलती एक
नणंद


११ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा पुढून आणि एकदा मागून.

एका बाजूने कोरा असलेला कागद टाकायचा नाही, ही तुमची जन्माची सवय. आजवर तुमची पत्रं जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर आली, वाण्याच्या यादीच्या पाठीवर आली, एकदा तर शाळेच्या शोकसभेच्या सूचनेच्या पाठीवर मला वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. या खेपेचं दुसरं पान उलटलं, तर मागे सुबक छापलेलं: ‘शस्त्रक्रियेनंतर घ्यायची काळजी. गालांतील चरबी काढणे. खालच्या पापण्या. जबड्याची रेषा.’ तिन्हींपुढे बरोबरच्या खुणा. खाली ‘डोकं उंच ठेवून झोपा, नळीने पिऊ नका, सूज दोन-तीन महिने टिकू शकते.’

ही अक्कलदाढ भलतीच लांबरुंद होती म्हणायची! पापण्यांपर्यंत मुळं गेली होती वाटतं.

तुमचे दादा म्हणाले, चिडवू नकोस, तिला दुखत असेल. म्हणून मी फक्त एवढंच चिडवते आहे. शोकेसमध्ये आता तुमच्या जागी एका पैलवानाचा फोटो लावलाय. तोही गालांनी भरलेला आहे, तुमची उणीव भासत नाही.

गुडघे दुखतात. पण मी ते कापून बारीक करून घेणार नाही.

तुमची वहिनी


१९ मार्च

वहिनी,

दुसऱ्याच्या पत्राची मागची बाजू वाचणं हे सभ्य माणसाचं लक्षण नव्हे. असो. पकडलंस, आता ऐक.

गेल्या वर्षी शाळेने माझ्या धड्याचं चित्रीकरण केलं आणि सगळ्या शिक्षकांना बसवून ते भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवलं. पडद्यावर मी ‘प’ म्हणत होते, आणि वहिनी, मला माझे ओठ दिसलेच नाहीत. दोन्हीकडून दोन गाल आले आणि मध्ये कुठेतरी तोंड चेंगरलं. हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो, याचा पत्ता नाही. मागच्या खुर्चीवरून ती पोरसवदा हळूच म्हणाली, “किती गोड दिसतात ना बाई!” गोड! टेडी अस्वलाला म्हणतात तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘ब’ शिकवताना पोरांचे तळवे माझ्या गालावर ठेवते मी, आतली थरथर त्यांना लागावी म्हणून. एवढ्या मांसातून लेकरांना काय लागत असेल, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

मला काही नटी व्हायचं नव्हतं. सर्जनला मी तेच सांगितलं. सर्जन म्हणजे पस्तिशीचा पोरगा, कपाळावर एक सुरकुती नाही, त्यामुळे त्याला आनंद झालाय की राग आलाय ते त्याच्या आईलाही कळत नसणार. मी म्हटलं, मला नवीन काही नको, माझंच मला परत द्या. आणि तुझ्या शोकेसमधला फोटो त्याच्यापुढे ठेवला. चोवीस वर्षांची मी, खिडकीकडे मान वळवलेली, गालांची हाडं कशी कोरून काढल्यासारखी. त्याने फोटो उजेडात धरला, पट्टी लावली, माझ्या गालावर निळ्या पेनाने रेघा मारल्या आणि म्हणाला, “हाडं तुमची आहेतच. वरचं काढलं की आतलं दिसेल.” एवढं पटेल असं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.

पंधरा जूनला नवी मुलं येतात. तोवर सूज उतरेल आणि मी माझ्या खऱ्या चेहऱ्याने वर्गावर उभी राहीन. मग बघते कोण गोड म्हणतं ते.

नणंद


२८ मार्च

वन्सं,

फोटो दाखवलात? शोकेसमधला तोच?

सर्जनने नक्की किती काढलं, हे त्याने सांगितलं का? फोटो त्याच्याकडे असेल तर परत घ्या. आणि पुढे काही करायचं म्हणाला, तर त्या फोटोवरून करू नका म्हणावं. फोटो काय हो, जुना आहे, उजेड कसा पडला होता कोण जाणे. फोटोवरून कुणी चेहरा कापतं का?

मी चेष्टा करत नाहीये. तुमचे दादा सकाळपासून माझ्यामागे लागलेत की सांगून टाक. काय ते विचारू नका. आधी तुमची सूज उतरू दे.

वहिनी


९ मे

वहिनी,

तुझं मागचं पत्र चारदा वाचलं आणि मला एकच अर्थ लागला. तुला मत्सर वाटतोय. वाटू दे, माणूस आहेस. पण उगाच माझ्या फोटोला नावं ठेवू नकोस. तुझ्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, स्वतः काढलेला फोटो आहे तो.

सूज उतरली. फार उतरली. आरशात हाडं दिसतात, यात वाद नाही. फक्त त्यांच्याखाली जे फोटोत सावलीसारखं नाजूक दिसतं, तिथे माझ्या चेहऱ्यावर दोन खड्डे पडलेत. गल्लीतला वाणी मला बघून स्टूल पुढे करतो. बँकेत रांगेतल्या बाईने “तुम्ही व्हा पुढे, तुम्हाला बरं नाही” म्हणत माझा नंबर लावून दिला. शेजारच्या आजोबांनी तर आडून आडून विचारलं की रिपोर्ट काय आलेत. सुंदर व्हायला गेले आणि सगळं गाव मला औषधं सुचवायला लागलंय.

आणखी एक, पण हे दादाला सांगू नकोस. खालच्या ओठाचा डावा कोपरा हलत नाही. ‘ई’ म्हटलं की उजवीकडचे खालचे दात दिसतात आणि डावीकडे दुकान बंद. चहा त्याच बाजूने सांडतो आणि मला कळतही नाही, कारण डावा गाल बधिर आहे. सर्जन म्हणतो, नस दुखावली आहे, बहुतेक सुधारेल. कधी? “सहा महिने, वर्ष. प्रत्येकाचं वेगळं असतं.” आणि गालांचं? तर म्हणाला, वय वाढलं की चेहऱ्यातली चरबी आपोआपच कमी होते, त्यामुळे आधी काढलेल्यांचे गाल पुढे जास्तच बसतात. मी विचारलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाला, संमतीपत्रात आहे, पान चौथं. मी पान चौथं बघितलं. खरंच आहे. एकतीस वर्षं पोरांना ‘नीट वाचा’ म्हणत आले, त्याच मी न वाचता सही केली.

आता तो पोटातली चरबी काढून गालांत भरायची म्हणतो. तीही सगळी टिकत नाही, थोडी विरून जाते. पण आधी नस सुधारू दे, मग पुढच्या वर्षी बघू, असा त्याचा हिशोब. मी म्हटलं, ठरवून सांगते. खरं म्हणजे त्याला तोच फोटो पुन्हा दाखवावा आणि विचारावं की बाबा रे, यातलं नक्की काय चुकलं?

नणंद


१७ मे

वन्सं,

फोटोच चुकलाय. आता सगळं एकदाच वाचा, आणि मग काय बोलायचं ते बोला.

माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. मामंजींनी तुमचा फोटो काढला आणि तो बघून तुम्ही अख्खं घर डोक्यावर घेतलंत. “मी अशी दिसते? कॅमेरा बिघडलाय!” फोटो तीनदा परत आला. तिसऱ्या वेळी तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “नव्या लोकांना काम येत नसेल तर तसं सांगावं.” मी तेव्हा मामंजींच्या हाताखाली निगेटिव्ह सुधारायला शिकत होते. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, काहीतरी कर बाई, पण हिला गप्प बसव.

ते काम कसं चालतं, ते तुम्ही कधी पाहिलं नाही. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड सोडायचा. पेन्सिलीने जिथे गिरवू तिथे फोटो उजळतो आणि बारीक सुरीने जिथे खरवडू तिथे फोटोत सावली पडते. मी दोन दिवस बसले. हाडांवर पेन्सिल चालवली आणि हाडांखाली सुरी. जबडा पाव इंच आत घेतला. सुरुवात सासूबाईंच्या शब्दाखातर केली, पण पुढे हात चालला तो रागाने. तुमचे गाल खरवडताना मला फार बरं वाटत होतं, वन्सं. मग तुम्ही फोटो बघितलात आणि म्हणालात, “हं, आता कॅमेरा नीट झाला.”

तेव्हापासून दर भेटीत तुम्ही त्या शोकेससमोर उभ्या राहून “तेव्हा मी अशी होते” म्हणायच्या, आणि मी मागे उभी राहून मनात हसायची. एकतीस वर्षं हसले. तुम्ही तो फोटो घेऊन सर्जनकडे जाल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुमच्या गालांवर पहिली सुरी मी चालवली. त्याने फक्त माझ्या रेघेवरून चालवली.

त्याच दिवशी काढलेली दुसरी निगेटिव्ह ट्रंकेत होती, हात न लावलेली. तिची प्रत सोबत पाठवते आहे. बघा. गोल चेहरा, भरलेले गाल, आणि तुम्ही कुणावर तरी डाफरायच्या बेतात. बहुतेक माझ्यावरच.

माफी मागायला लाज वाटते, तरी मागते.

वहिनी


६ जून

वहिनी,

तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायला घेतलं की कागद फाटायचा. दोन्हीकडून कोरे कागद फाडले, यावरून काय ते समज.

तुला काय वाटलं, आपण मोठ्या मनाच्या, कबुली दिली, सुटलो? एकतीस वर्षं तू माझ्या पाठीमागे उभी राहून हसलीस! मी तुझ्या मुलीच्या लग्नात स्टेजवर तो फोटो दाखवून बोलले होते, तेव्हासुद्धा हसलीस? दादाला ठाऊक होतं? आईला? म्हणजे त्या घरात माझा खरा चेहरा माहीत नसलेली एकटी मीच होते!

आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? त्या दुसऱ्या फोटोतली मुलगी मला आवडली. मी तिला कधी भेटलेच नव्हते.

पण आता रागवायला मला वेळ नाही. परवा आमची आठवीतली मुलगी घरी आली होती. माझीच विद्यार्थिनी, पाच वर्षांची असताना माझ्या गालावर हात ठेवून बोलायला शिकलेली. मी तिच्याशी दहा मिनिटं बोलले. ती कपाळाला आठ्या घालून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिच्या त्या जाड आवाजात म्हणाली, “बाई, कुठल्या बाजूचं वाचू?” मग तिने जुन्या सवयीने माझ्या गालावर हात ठेवला. वहिनी, तिचा हात मला कळलाच नाही. आरशात दिसला म्हणून कळलं. मी हसण्यावारी नेलं, तर हसणंही अर्धंच झालं.

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, ग्रंथालय सांभाळा, मानाचं काम आहे. मानाचं! कपाटांना कुलपं लावायचं! माझ्याकडे दुसरं काय आहे? तुला घर आहे, स्टुडिओ आहे, पेपर वाचणारा का होईना नवरा आहे. मला वर्गातला तो आरसा आहे, त्याच्यासमोरची दोन छोटी स्टुलं आहेत, आणि दर जूनला येणारी मुकी पोरं आहेत. मी हटून बसले. शेवटी सहामाहीपर्यंत मुदत मिळाली. तोवर मुलांची प्रगती दिसली तर वर्ग माझा, नाहीतर किल्ल्यांचा जुडगा.

तुझी माफी मी अजून दिलेली नाही.

नणंद


१२ जून

वन्सं,

नका देऊ. मला सवय आहे.

पंधरा तारखेला वर्गावर जाताना नीट खाऊन जा. उपाशीपोटी तुम्ही जास्तच भांडता.

वहिनी


२५ जुलै

वहिनी,

आता जरा तोंड लपवायची पाळी तुझी.

सहा मुलं आली यंदा, चार मुली आणि दोन मुलगे. सहाच्या सहा आवाज काढायला लागलेत! आरशासमोर एकेकाला शेजारी बसवते, आरशात त्याने माझं तोंड बघायचं आणि आपलं तोंड तसं करायचं, हीच आपली जुनी पद्धत. सगळ्यात धाकटी, कायम शिंकणारी एक आहे, तिने सहा आठवड्यांत ‘आ’ आणि ‘ई’ काढून दाखवले. माझं तोंड बिघडल्याने कुणाचं काही अडलेलं नाही. त्या पोरसवदाला मी वर्गाच्या दारातून आत येऊ देत नाही. ती काचेतून बघते. बघू दे, शिकेल काहीतरी.

गालांतले खड्डे आहेत तिथेच आहेत. ओठ किंचित हलायला लागलाय, असं मला वाटतं. सर्जनला वाटत नाही, पण त्याला काय वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कधी कळलंय?

तुझ्याकडे एक काम आहे. शाळेच्या वार्षिक अहवालात वर्गाचा फोटो लागतो. मोठ्या बाईंना तो सहामाहीला समितीपुढे ठेवायचाय, प्रगतीचा पुरावा म्हणून. ऑगस्टमध्ये ये आणि काढ. मुलं ‘ई’ म्हणत असतानाच काढायचा, तशी मी त्यांची तयारी करून घेतली आहे. आणि सुरी घरी ठेवून ये.

अजून माफ केलेलं नाही. येताना दादाला आण.

नणंद


३० ऑगस्ट

वन्सं,

आम्ही सुखरूप पोचलो. तुमच्या घरी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले, हे तुम्हाला कळलं असेलच, कारण बाहेर येताच तुम्ही म्हणालात, “काय वहिनी, नळ गळतोय का?” तुमचं तोंड अर्धं चालतं, पण जीभ पूर्वीसारखीच चालते. ते बघून बरं वाटलं.

फोटो संगणकावर मोठा करून बघितला. आधी तुमचा चेहरा घेतला. आता ते काम सुरीपेक्षा सोपं झालंय, माऊस दोनदा फिरवला की गाल भरून येतात. हात तिकडे गेलाही होता. आवरला. मग एकेका मुलाचा चेहरा मोठा केला, डोळे कुणी मिटलेत का ते बघायला. वन्सं, तिथेच माझा हात थांबला.

त्या शिंकणाऱ्या मुलीचा ‘ई’ बघा. उजवीकडचे खालचे दात दिसतायत, डावीकडचा ओठ घट्ट मिटलेला. वाटलं, लहान आहे, तोंड वेडंवाकडं झालं असेल. शेजारचा मुलगा बघितला. तोही तसाच. मग तिसरी, मग चौथी. सहाही तोंडं एकाच बाजूने उघडलेली, एकाच बाजूने बंद. सहा तोंडं नाहीतच ती, तुमचंच तोंड सहा वेळा. तुम्ही त्यांना आरशात जसं दाखवलंत तसं त्यांनी घेतलं, बिचाऱ्यांनी जराही चूक केली नाही.

तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तुम्ही रोज बघता आणि आनंदाने बघता. मला दिसलं, कारण तेच बघण्यात माझं आयुष्य गेलं.

हे सहा ओठ सरळ करायला मला अर्धा तास लागेल. समितीला कळणार नाही, मोठ्या बाईंना कळणार नाही, आणि वर्ग तुमच्याकडे राहील. तुमचे दादा म्हणतात, करून टाक, तिचं एवढं एकच आहे. मी दोन रात्री झोपले नाही. एकदा मी तुम्हाला हवा तसा फोटो दिला, त्याचं काय झालं ते तुमच्या तोंडावर आहे. या खेपेला नाही देणार. काही न करता पाठवते आहे, आणि फक्त तुम्हाला. समितीला काय दाखवायचं, ते तुम्ही ठरवा.

शिव्या द्यायच्या असतील तर द्या. कागद दोन्हीकडून कोरा वापरा.

तुमची वहिनी


९ सप्टेंबर

वहिनी,

फोटो आला. भिंग घेऊन बघितला. मग पाकिटात घातला, पुन्हा काढला. दिवसभर तुला मनसोक्त शिव्या घातल्या. संध्याकाळी त्या संपल्या.

मग सकाळी वर्गात गेले आणि पहिल्यांदा आरशात माझ्याकडे न बघता पोरांकडे बघितलं. ती शिंकरी माझ्या शेजारी बसली, माझ्या तोंडाकडे एकटक बघत तिने ‘ई’ म्हटलं, आणि माझा ओठ जिथे हलत नाही तिथे आपलाही हलू नये म्हणून तिने चक्क बोटाने डावा कोपरा धरून ठेवला. बाईसारखं यावं म्हणून. मला तिथेच रडू आलं. ती घाबरली, तिला वाटलं चुकलं आपलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे तिला सांगायला माझ्याकडे धड तोंडही नव्हतं.

मधल्या सुट्टीत फोटो घेऊन मोठ्या बाईंकडे गेले आणि टेबलावर ठेवला. त्यांच्या काही लक्षात येईना. “छान आलाय की!” म्हणाल्या. मीच एकेका तोंडावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. मग किल्ल्यांचा जुडगा कुठे ठेवलाय ते बघायला खण उघडला. मी म्हटलं, थांबा, किल्ल्या मला नकोत. वर्ग त्या पोरसवदा बाईंना द्या. पण मला वर्गाबाहेर काढू नका. आवाज गळ्यातून येतो, आणि माझा गळा त्या सर्जनच्या हातून सुटला आहे. मुलांनी तोंड तिचं बघायचं, आणि हात माझ्या गळ्यावर ठेवायचा.

मान्य झालं. ती मुलगी, म्हणजे पोरसवदा बाई, पहिल्या दिवशी इतकी थरथरत होती की तिच्या ओठांच्या दोन रेघा चार दिसायला लागल्या. मी म्हटलं, घाबरू नकोस, जोरात ‘ई’ म्हण. म्हणाली. सरळ, स्वच्छ, दोन्हीकडून सारखा. ओठ बारीक आहेत, पण खरे आहेत, हे कबूल करते.

स्टुलं आता अर्धगोलात लावली आहेत. मधे ती बसते, बाजूला सहा मुलं, आणि टोकाच्या सातव्या छोट्या स्टुलावर मी. सर्जनने ओठाचा व्यायाम सांगितला होता, तो मी लाजेने घरी दार लावून करायची. आता मुलांबरोबर तिथेच करते. काल ती शिंकरी माझ्याकडे वळली, तिने तिचं बोट माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं आणि खाली ओढलं, मला शिकवायला. वहिनी, ते बोट मला लागलं. अगदी थोडं, पण लागलं.

अहवालात फोटो जसा आहे तसाच छापा म्हणून मी लिहून दिलंय. आणि तो ट्रंकेतला दुसरा फोटो, त्या गोल चेहऱ्याच्या मुलीचा, तुला परत पाठवते आहे. पैलवानाला काढ आणि शोकेसमध्ये तिला लाव. त्याखाली काही लिहू नकोस. कुणी विचारलं कोण, तर सांग, आमच्या वन्सं, फार भांडकुदळ.

तुझी
नणंद